गंभीर व्यंगासह जन्मलेले बाळ आणि उपचारांचा निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपणाची बातमी घरी पोहोचते आणि तिच्या पाठोपाठ 'बाळाला काचेत ठेवले आहे' असा निरोप येतो. पुढच्या काही तासांत वडिलांना किंवा आजोबांना एका खोलीत बोलावून बाळाच्या मेंदूविषयी, मणक्याविषयी किंवा हृदयाविषयी असे काही सांगितले जाते, जे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेले असते, आणि लगेच 'पुढे काय करायचे' असे विचारले जाते. त्या क्षणी आणि त्यानंतरच्या दिवसांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कायद्याची माहिती भारतापुरती आहे. परदेशातील खटले ज्या ठिकाणी विचार स्पष्ट करतात तेथेच घेतले आहेत.

हा प्रश्न नेमका कोणत्या बाळांच्या बाबतीत उभा राहतो?

'गंभीर व्यंग' या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळी बाळे येतात आणि बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. काही बाळांच्या कवटीचा आणि मोठ्या मेंदूचा बहुतांश भाग गर्भातच तयार झालेला नसतो. अशी बाळे कितीही उपचार केले तरी बहुधा काही तासांत किंवा दिवसांत जातात. काही बाळांना आयुष्यभराची दिव्यांगता असते, परंतु त्यांचा जीव धोक्यात आलेला असतो तो वेगळ्याच, दुरुस्त होण्याजोग्या कारणाने. डाउन सिंड्रोम (एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत) असलेल्या बाळाचे जठरापुढचे आतडे बंद असणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. पाठीच्या मणक्याचा कणा उघडा राहून मज्जारज्जू बाहेर आलेली बाळेही याच गटात येतात.

तिसरा गट सर्वांत अवघड आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेले, ज्याला घरचे 'बाळ रडलेच नाही' असे म्हणतात, ते बाळ किंवा फार अपुऱ्या दिवसांचे आणि मेंदूत रक्तस्राव झालेले बाळ पुढे कसे राहील, हे पहिल्या दिवशी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. प्राणवायूअभावी इजा झालेल्या बाळाचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करून ७२ तास चालवतात आणि त्यानंतरच मेंदूच्या स्थितीचा काहीसा विश्वासार्ह अंदाज बांधता येतो. म्हणून पहिल्याच दिवशी 'हो किंवा नाही सांगा' असा आग्रह कोणी धरत असेल, तर थोडा वेळ मागण्याचा आईवडिलांना पूर्ण अधिकार आहे.

अठराव्या किंवा तेराव्या गुणसूत्राची जादा प्रत असलेल्या बाळांना पूर्वी सरसकट 'जगण्यास अक्षम' ठरवले जात असे. त्यांपैकी बहुतेक बाळे आजही पहिल्या वर्षातच जातात, पण काही त्यापुढेही जगतात, त्यामुळे हा शब्द आता जपून वापरला पाहिजे.

बाळ दिव्यांग आहे एवढ्या कारणावरून उपचार नाकारता येतात का?

नाही. या पानावरचे इतर सर्व काही विसरले तरी चालेल, पण हे उत्तर लक्षात ठेवावे. जो उपचार व्यंग नसलेल्या बाळाला आपण निःशंकपणे दिला असता, तो केवळ व्यंग आहे म्हणून नाकारणे म्हणजे त्या बाळाच्या जगण्याची किंमत आपण आधीच कमी धरणे होय.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टन येथे, ९ एप्रिल १९८२ रोजी डाउन सिंड्रोम असलेले एक बाळ जन्मले. त्याची अन्ननळी जठरापर्यंत पोहोचत नव्हती आणि श्वासनळीला जोडली गेली होती, त्यामुळे त्याला तोंडावाटे दूध देता येत नव्हते. यावर शस्त्रक्रिया उपलब्ध होती. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी ती न करण्याचाही पर्याय आईवडिलांपुढे ठेवला, बालरोगतज्ज्ञांनी विरोध केला, आईवडिलांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि राज्यातील न्यायालयांनी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. बाळाला दत्तक घेण्याची तयारी काही दांपत्यांनी दाखवली होती. वरच्या न्यायालयात दाद मागण्याची धावपळ चालू असतानाच १५ एप्रिलला ते बाळ गेले. ते सहा दिवस भुकेचे होते, आणि मला या प्रकरणातील हीच गोष्ट सर्वांत असह्य वाटते.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे जवळजवळ हाच प्रश्न आला होता. डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलीचे आतडे बंद होते आणि आईवडिलांना शस्त्रक्रिया नको होती. न्यायालयाने शस्त्रक्रियेचा आदेश दिला. त्या मुलीचे पुढचे आयुष्य इतके भयानक ठरणार आहे का, की तिला मरणाच्या हवाली करणेच भाग आहे, असा प्रश्न न्यायमूर्तींनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर 'नाही' असे दिले.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला आहे. त्याचे कलम १० जगण्याच्या हक्काविषयी आहे, तर कलम २५ दिव्यांगतेच्या कारणावरून वैद्यकीय सेवा, अन्न किंवा द्रवपदार्थ नाकारण्यास स्पष्ट मनाई करते. त्याच कराराला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि त्याने २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या. भेदभावाविरुद्धचे त्याचे संरक्षण नुकत्याच जन्मलेल्या बाळालाही लागू आहे. कायद्याने वयाची कोणतीही खालची मर्यादा घातलेली नाही.

मग एकदा बाळ जन्मले की शक्य ते सर्व उपचार शेवटपर्यंत करत राहणे बंधनकारक आहे का?

तसेही नाही. बाळाची दिव्यांगता आणि उपचाराची निरर्थकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपचारामुळे बाळाचे मरण केवळ लांबत असेल, किंवा त्यातून मिळणारा लाभ नगण्य आणि होणारी वेदना मोठी असेल, तर तो न देणे वैद्यकीय नीतीला धरून आहे.

ब्लूमिंग्टनच्या प्रकरणानंतर अमेरिकी सरकारने रुग्णालयांत तक्रारीच्या दूरध्वनी क्रमांकाचे फलक लावण्यापर्यंत कडक नियम केले. ते नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द केले, परंतु दरम्यान १९८४ मध्ये संसदेने बालसंरक्षण कायद्यात केलेली दुरुस्ती टिकून राहिली. बाळ कायमच्या बेशुद्धावस्थेत असेल, उपचाराने केवळ मृत्यू लांबणार असेल, किंवा उपचार जवळजवळ निष्फळ असून तो लादणे अमानुष ठरणार असेल, तर तो न देण्याची मुभा तिने दिली. मात्र योग्य पोषण, पाणी आणि औषध यांना या मुभेतून वगळले. इंग्लंडमध्येही १९९० साली, मेंदूला अतिशय तीव्र इजा झालेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पुन्हा व्हेंटिलेटरवर घालणे बंधनकारक नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या न्यायालयाने विचार केला तो बाळाला सोसाव्या लागणाऱ्या उपचारांचा आणि त्यातून त्याला काय मिळणार याचा.

भारतात नवजात बालकांसाठी असा स्वतंत्र कायदा आहे का?

स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवरच सर्व मदार आहे आणि ते निकाल प्रौढ रुग्णांना समोर ठेवून लिहिले गेले आहेत.

पहिला निकाल मुंबईशी जोडलेला आहे. केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेत अवस्थेत असलेल्या तेथीलच परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाचे जीवनरक्षक उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असे तत्त्व मांडले. स्वतःसाठी बोलू न शकणाऱ्याचे पालकत्व अखेर न्यायालयाकडे येते, ही भूमिका त्यामागे होती. शानबाग यांच्या बाबतीत मात्र न्यायालयाने ती परवानगी दिली नाही, कारण त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. त्या १८ मे २०१५ रोजी वारल्या.

त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी, 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये धरला आणि सविस्तर कार्यपद्धती घालून दिली. ती इतकी किचकट होती की प्रत्यक्षात वापरणे अवघड झाले. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करण्यात आली. आता रुग्णालयाचे पहिले मंडळ उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे असते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, कुटुंबाची लेखी संमती घ्यावी आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी ही रचना आहे. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयाचा मार्ग खुला असतो.

आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे, फक्त सज्ञान व्यक्तीच करू शकते, त्यामुळे बाळाच्या बाबतीत इच्छापत्र नसलेल्या रुग्णांसाठीची वाटच लागू होते. नवजात बालकांसाठी स्वतंत्र, सुटसुटीत नियम असावेत असे माझे मत आहे. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत त्याला काय हवे असते याचा मागोवा त्याच्या बोलण्यात आणि आयुष्यात घेता येतो, तर बाळाच्या बाबतीत केवळ त्याच्या हिताचाच विचार करता येतो. या दोन्हींसाठी एकच साचा पुरेसा पडत नाही.

व्हेंटिलेटर सुरूच न करणे आणि सुरू केलेला काढणे यांत फरक आहे का?

नीतिशास्त्राच्या आणि भारतीय निकालांच्या दृष्टीने मूलतः नाही. मनाला मात्र तो फार मोठा वाटतो आणि ते स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात संशयाचा फायदा देऊन उपचार सुरू करणे आणि काही दिवसांनी बाळाचा प्रतिसाद पाहून फेरविचार करणे, हेच बाळाच्या अधिक हिताचे असते. 'एकदा मशीन लावले की काढता येत नाही' या समजुतीपायी काही बाळांना ती संधीच मिळत नाही.

बाळाचे हाल पाहवत नाहीत, तर इंजेक्शन देऊन सोडवता येते का?

भारतात तो मनुष्यवधाचा गुन्हा आहे, मग हेतू कितीही दयाळू असो आणि संमती कोणाचीही असो. भारतीय न्याय संहितेचे कलम २७ बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते, पण हे संरक्षण जाणूनबुजून मृत्यू घडवण्याला लागू नाही असे त्याच कलमात म्हटले आहे. जन्मानंतर बाळ मरावे या हेतूने जन्माआधी केलेल्या कृतीसाठी कलम ९१ आहे आणि त्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील डॉक्टरांनी २००५ मध्ये जाहीर केलेली नियमावली या बाबतीत नेहमी पुढे केली जाते. असह्य आणि न थांबवता येणाऱ्या यातना, निदानाची खात्री, दोन्ही पालकांची संमती आणि स्वतंत्र डॉक्टरचे मत एवढ्या अटी पाळल्या गेल्या, तर तेथील सरकारी वकील सहसा खटला भरत नाहीत. तिच्यासोबत त्यांनी मांडलेली २२ प्रकरणे मणक्याच्या गंभीर व्यंगाची होती आणि टीकेचा भर नेमका त्यावरच होता, कारण अशा बाळांच्या वेदनेवर औषधे आहेत आणि पुष्कळांचे पुढचे आयुष्य जगण्याजोगे असते. मला ती टीका योग्य वाटते.

वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिनसारखे औषध योग्य मात्रेत देणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे श्वास थोडा मंदावण्याचा संभव असला, तरी उद्देश वेदनाशमनाचा आणि मात्रा वेदनेच्या प्रमाणात असेल, तर ते कर्तव्यच आहे. कायद्याच्या भीतीने बाळाला वेदनेत ठेवणे समर्थनीय नाही.

'पुढे काही उपयोग नाही' असे डॉक्टर म्हणाले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

त्यांना स्पष्टपणे विचारावे : 'बाळ वाचणार नाही, असे म्हणता आहात की वाचेल पण दिव्यांग राहील?' ही दोन वाक्ये एकाच सुरात बोलली जातात आणि ऐकणाऱ्याला त्यांतील अंतर कळत नाही. चालता येणार नाही की बोलता येणार नाही, वेदना किती राहील, आईवडिलांना ओळखेल का, आणि अंदाज चुकण्याची शक्यता किती, हेही विचारावे.

डॉक्टरांचा अंदाज त्यांच्या स्वतःच्या भीतीने रंगलेला असू शकतो, हे अभ्यासातून दिसले आहे. कॅनडातील डॉ. सरोज सैगल यांनी १९९०च्या दशकात, जन्मवेळी १ किलोपेक्षा कमी वजन असलेल्या मुलांनाच किशोरवयात त्यांच्या जगण्याविषयी विचारले. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपले आयुष्य चांगले वाटत होते. गंभीर दिव्यांगतेच्या स्थितींना डॉक्टर आणि परिचारिकांनी दिलेले मोल मात्र त्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी दिलेल्या मोलापेक्षा कमी होते.

दुसरा धडा इंग्लंडमधील शेफील्डचा आहे. तेथील डॉ. जॉन लॉर्बर यांनी १९७१ मध्ये उघड्या मणक्याच्या कोणत्या बाळांवर शस्त्रक्रिया करू नये याचे निकष मांडले आणि ते पुष्कळ ठिकाणी स्वीकारले गेले. परंतु उपचार न दिलेली सगळीच बाळे लवकर जात नाहीत. जी उरतात त्यांच्या मेंदूत पाणी साठत राहते, जंतुसंसर्ग होतो आणि वेळीच पाठ बंद करून शंट (मेंदूतील पाणी बाहेर वळवणारी नळी) बसवला असता तर टळली असती अशी जादा दिव्यांगता त्यांना कायमची येते. 'काहीच करायचे नाही' हा निर्णय घेताना बाळ मरेल असे गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत चुकले तर त्याची किंमत बाळ मोजते.

निर्णय कोणी घ्यायचा? बाळाचे वडील, आजी-आजोबा की आई?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचे आणि त्यांच्यानंतर आईचे नाव आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'वडिलांच्या हयातीनंतर' असा न घेता 'त्यांच्या अनुपस्थितीत' असा घेतला. त्याच अधिनियमाचे कलम १३ सांगते की मुलाचे कल्याण सर्वांत वर. इतर धर्मीयांसाठी वैयक्तिक कायदे वेगळे असले, तरी मुलाच्या हिताचे तत्त्व न्यायालये सर्वत्र लावतात. आजी-आजोबा, काका, मामा यांना सल्ला देता येतो. कायद्याने निर्णय त्यांचा नसतो.

व्यवहारात घडते ते मात्र निराळेच. बाळाला तालुक्याच्या गावाहून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवले जाते, सिझेरियन झालेली आई मागेच राहते, आणि 'तिला एवढ्यात सांगू नका, धक्का बसेल' असे सासरमाहेरचे दोघेही म्हणतात. तिला सगळे कळते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. तिला फोनवरून का होईना सर्व सांगितले गेले पाहिजे आणि तिचे म्हणणे कागदावर नोंदले गेले पाहिजे. पहिला आठवडा आईला अंधारात ठेवून वाचवलेला धक्का पुढे वर्षानुवर्षे तिच्या मनात राहतो.

आईवडिलांचे आणि डॉक्टरांचे मत जुळले नाही तर?

आधी दुसऱ्या नवजातशिशुतज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे आणि रुग्णालयाच्या नैतिकता समितीची बैठक मागावी. तरीही वाद राहिला आणि बाळाला स्पष्ट लाभ देणारा उपचार पालक नाकारत असतील, तर रुग्णालयाने बालकल्याण समितीला (मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला) कळवणे अपेक्षित आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. उलट बाजूने, डॉक्टरांना निरर्थक वाटणारा उपचार पालकांना हवा असेल, तर घाई करू नये. उच्च न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग दोन्ही बाजूंना खुला आहे.

आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर बाळाला घरी नेले तर?

रुग्णालयांत याला 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेली सुटी) म्हणतात, आणि या विषयातील आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे असे मला वाटते. परदेशात जो निर्णय समित्या आणि न्यायालये घेतात, तो आपल्याकडे पुष्कळदा एका छापील कागदावरच्या सहीने किंवा अंगठ्याने होऊन जातो. बाळाला घरी का नेले, याचे खरे कारण त्या कागदावर नसते. ते कधी रोजचा खर्च असतो, कधी मुलगी असणे असते, तर कधी 'व्यंगाचे मूल' ही भीती असते. पुढे बाळ वेदनाशामक औषधाविना, प्राणवायूविना, रिक्षात किंवा एसटीत किंवा घरच्या खाटेवर दगावते.

त्या सहीने डॉक्टरांचे किंवा पालकांचे कर्तव्य संपत नाही. बारा वर्षांखालील मूल पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने उघड्यावर टाकणाऱ्या पालकांना न्याय संहितेच्या कलम ९३ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि मुलाकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये येते. मात्र परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना हे दुसरे कलम शिक्षेतून वगळते. घरी नेणेच योग्य ठरत असेल, म्हणजे बाळ जगणार नाही हे स्पष्ट असेल आणि त्याचा शेवट घरच्यांमध्ये व्हावा अशी इच्छा असेल, तर औषधे, नळीने दूध देण्याची रीत आणि फोन करण्यासाठी डॉक्टरांचा क्रमांक सोबत घेऊन रीतसर सुटी घ्यावी.

खर्च झेपत नाही. काय करावे?

सही करण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) किंवा वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, सरकारी रुग्णालयांतील नवजात शिशु कक्षात आजारी बाळांना मिळणारी मोफत सेवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या तीन गोष्टींची नावे घेऊन विचारावे. शेवटचा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मजात हृदयविकार, उघडा मणका, वाकडे पाऊल, दुभंगलेला ओठ यांसारख्या व्यंगांचे निदान आणि उपचार त्यात येतात. पुढे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता ठरली, तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

बाळाचे दूध बंद करता येते का?

जे बाळ दूध गिळू शकते किंवा नळीने पचवू शकते, त्याचे दूध बंद करू नये. मरणाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात शरीरच दूध स्वीकारत नसेल, तर ओठ ओले ठेवणे पुरेसे असते.

गर्भपाताची परवानगी मिळाली होती, पण बाळ जिवंत जन्मले. आता?

२०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. परंतु जन्मलेले बाळ कायद्याच्या दृष्टीने पूर्ण माणूस आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले की अशा वेळी डॉक्टर आणि रुग्णालय यांनी बाळाला शक्य ते उपचार द्यावेत आणि पालक सांभाळण्यास तयार किंवा समर्थ नसतील, तर राज्याने त्याची जबाबदारी घ्यावी. गर्भाविषयी घेतलेला निर्णय जन्मलेल्या बाळाला आपोआप लागू होत नाही.

बाळ वाचले, पण त्याला सांभाळणे आम्हाला शक्यच नाही.

असे म्हणणाऱ्या आईवडिलांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या घरी दिवसरात्र मदतीला कोण आहे, हे विचारणारे थोडे असतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३५ नुसार बाळाला बालकल्याण समितीपुढे रीतसर सुपूर्द करता येते. समिती समुपदेशन करते आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत देते. त्याआधी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (व्यंग असलेल्या लहान मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात) एकदा जाऊन यावे. तेथे तशीच मुले वाढवणारी इतर कुटुंबे भेटतात आणि त्यांच्याशी झालेले बोलणे कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

उपचार थांबवायचे ठरल्यावर बाळाचे काय केले जाते?

बाळाची काळजी थांबत नाही. वारंवार रक्त काढणे, टोचणे आणि गजर करणारी यंत्रे बंद होतात; वेदनाशामक, ऊब आणि जवळीक चालू राहते. बाळाला पेटीतून काढून आईच्या छातीशी देता येते. भावंडांना आणि आजीला आत येऊ द्यावे, ही मागणी करण्यास संकोच वाटू नये. बारसे तेथेच करायचे असेल, बाप्तिस्मा द्यायचा असेल किंवा कानात अजान म्हणायची असेल, तर बहुतेक परिचारिका जागा करून देतात. पावलांचा ठसा आणि एखादे छायाचित्र मागून घ्यावे. तेव्हा नको वाटले तरी पुढे ते हवे असते.

जिवंत जन्मलेल्या बाळाच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी होतात, बाळ तासभरच जगले असले तरी. नाव ठरवले असेल, तर ते जन्मनोंदीत घालता येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईला पान्हा फुटतो, हे तिला आधीच सांगून ठेवावे. छाती घट्ट होऊन दुखते आणि ते एकटीने सोसण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. ज्यांना दूध आटवायचे असेल त्यांना डॉक्टर उपाय सांगतात, आणि ज्यांना द्यायचे असेल त्यांच्यासाठी दूधपेढ्या आहेत. आशियातील पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली. अशा पेढ्यांतील दूध अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते.